डबलबार सायकलला इंजिन, दोन नळ्यांमध्ये टाकी: १९१०-१५ ची धाटणी जमेल का?

मिरजेचा_सायकल्या
नमस्कार मंडळी. जुन्या बाजारातून एक २८ इंची डबलबार सायकल उचलली आहे. कंपनीची पाटी केव्हाच गेली, पण लग (नळ्या जोडणारी खोबणं) शाबूत, फ्रेम सरळ आणि मागच्या चाकाचे ४० आरे जागच्या जागी. ही नुसती रंगवून ठेवायची नाही. अमेरिकेत १९१०-१५ च्या सुमारास लाकडी फळ्यांच्या गोल ट्रॅकवर ज्या गाड्या पळायच्या, तसली करायची आहे. खाली वाकलेलं हँडल, लांबट चपटी टाकी, मागच्या चाकाला पट्टा आणि मडगार्डला रजा. डबलबारच्या दोन नळ्यांमधली मोकळी जागा बघितली आणि डोक्यात किडा शिरला. टाकी तिथंच बसवायची!

मित्र म्हणतो, ऑनलाइन ‘८० सीसी’चं टू-स्ट्रोक किट मिळतं, रविवारी बसव आणि मोकळा हो. पण मला किट लावलेली सायकल नको. टाकी, हँडल, इंजिनची बैठक, पट्ट्याची रिम हे सगळं हातानं बनवून घ्यायचंय. मी कॉम्प्युटरवाला माणूस, लेथ लांबूनच बघितलाय. तर सुरुवात कशापासून करू? इंजिन कुठलं घेऊ? पोलिसांनी अडवलं तर? आणि रॉड ब्रेकवर भागेल का?

काळा_कोट, सोलापूर
पोलिसांपुरतं बोलतो, बाकीचं मला कळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम २ चं उपकलम २८ वाचा. चारपेक्षा कमी चाकं आणि इंजिन २५ सीसीपेक्षा जास्त नाही, असं वाहन ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच येत नाही. मग नोंदणी, लायसन, नंबरप्लेट हे प्रश्नच उरत नाहीत. २५ च्या वर गेलात की सगळे एकदम उभे राहतात. नोंदणी करायची तर वाहनाच्या मॉडेलला आधी एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते आणि ती कारखान्यांसाठी असते, घरी एक नग बनवणाऱ्यासाठी नाही. नोंदणी नाही म्हणून विमा नाही. विमा नाही आणि कुणाला धक्का लागला, तर भरपाई तुमच्या खिशातून. ‘गावात कोण बघतंय’ म्हणणारे पक्षकार मी रोज बघतो, अपघातानंतर.

उद्यमनगरी, कोल्हापूर
वकीलसाहेबांनी माझं अर्धं काम केलं. टूलरूममध्ये आयुष्य गेलं. आता घरामागच्या शेडमध्ये एक साडेचार फुटी लेथ आणि मी. असली एक सायकल माझ्याकडं आहे, सकाळी रंकाळ्याला तीच नेतो. त्यामुळं सांगतोय ते हातानं केलेलं आहे, व्हिडिओ बघून नव्हे.

आधी त्या ‘८० सीसी’चं बघू. बोअर (सिलिंडरचा व्यास) ४७ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ३८. घनफळ काढून बघ, ६६ सीसी भरते. खोक्यावर छापलेलंच खरं नाही, तर आतल्या बेअरिंगवर काय भरवसा ठेवायचा? आणि ६६ असो नाहीतर ८०, वकीलसाहेबांच्या रेषेपलीकडंच.

इंजिन तेवढं विकत घे. गवत कापायच्या यंत्राचं फोर-स्ट्रोक, होंडाचं जीएक्स-२५ किंवा त्याच जातीचं. वजन तीन किलोच्या आतबाहेर, ७००० फेऱ्यांवर साधारण एक एचपी, आणि ग्रासकटरचं घेतलंस तर सेंट्रिफ्यूगल (फेऱ्या वाढल्या की आपोआप धरणारा) क्लच त्याच्यासोबतच येतो. पेट्रोलात तेल मिसळायची भानगड नाही, सायलेन्सरमधनं निळा धूर नाही. आता गंमत सांगतो. याचा बोअर ३५ आणि स्ट्रोक २६. काटेकोर हिशेब केला तर २५.०१ येतो! वकीलसाहेब, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. कंपनीच्या कागदावर २५ छापलंय, त्या पानाची झेरॉक्स मी सीटखालच्या पिशवीत ठेवतो.

आता कामाचं. सगळेजण टाकीपासून सुरू करतात, कारण टाकी दिसते. तू रिडक्शनपासून, म्हणजे इंजिनच्या फेऱ्या कमी करून चाकाला द्यायच्या त्या जोडणीपासून, सुरू कर. २८ बाय दीडच्या चाकाचा घेर टायरसकट सव्वादोन मीटरच्या जरासा आत. ताशी २५ किलोमीटरला चाक मिनिटाला १८७ च्या आसपास फिरतं. इंजिन त्या वेळी साडेसहा हजारांवर हवं, म्हणजे रिडक्शन लागलं ३५ ला एक. एका टप्प्यात हे होत नाही. इंजिन आणि चाकाच्या मध्ये एक शाफ्ट घे. इंजिनपासून शाफ्टपर्यंत दातेरी पट्टा, ५ एमचा (दर ५ मिलिमीटरला एक दात), १५ ला ६५ दात. शाफ्टवर ५० मिलिमीटरची व्ही पुली आणि मागच्या चाकाला ४१० मिलिमीटरची पट्ट्याची रिम. गुणून बघ, साडेपस्तीस येतात.

या हिशेबात एक गोष्ट लपलीय. क्लच धरतो साधारण चार हजारांच्या वर. म्हणजे ताशी १५-१६ किलोमीटरच्या खाली तो नुसता घसरत राहतो आणि लायनिंग जाळतो. म्हणून सुटताना पायडल मारायचं, वेग आला की मग ॲक्सिलरेटर. त्या काळातले स्वारही पायडल मारूनच इंजिन चालू करायचे, तेव्हा तुझ्या धाटणीला हे शोभूनच दिसेल. मात्र पन्हाळ्याचा चढ नुसत्या इंजिनावर चढायचं स्वप्न सोड. एक एचपीत नव्वद किलोचा गडी आणि सायकल सपाटीला पळते, चढाला पायांची मदत लागतेच.

पट्ट्याची रिम हाच या गाडीचा चेहरा, म्हणून ती नीट कर. २० बाय ३ ची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी रोलिंगवाल्याकडनं गोल करून आण. तोंडं सरळ कापायची नाहीत, तिरकी कापून जोडायची, म्हणजे पट्टा सांध्यावरनं जाताना ठोका बसत नाही. दोन्ही कडांना ४ मिलिमीटरचा गज टाकून घे, मध्ये १२ मिलिमीटर उरतात आणि १० मिलिमीटरचा झेड सेक्शन पट्टा त्यात आरामात बसतो. रिमला व्हीची खाच काढायची गरज नाही. एवढ्या मोठ्या घेरावर पट्ट्याचा वेढाच इतका असतो की सपाटीवरही तो धरतो. खरी पकड लहान पुलीत. तिची खाच ३४ अंशांची काढ, ३८ ची नको. लहान घेरावर पट्टा वाकला की त्याची आतली बाजू फुगते आणि कोन मिटतो. पुलीचा कोन मोठा ठेवलास तर पट्टा बुडाला टेकतो आणि शिट्टी मारत घसरतो.

रिम चाकाला धरायची डाव्या बाजूच्या आऱ्यांवर, दहा ठिकाणी पत्र्याच्या क्लिपा देऊन. चाक फ्रेममध्ये टाकून फिरव, शेजारी खडू धर आणि जिथं खडू लागेल तिथली क्लिप सैल-घट्ट कर. डायल गेज (डगमग मोजायचं घड्याळ) असला तर उत्तमच, अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणायची. ताण वरच्या बाजूनं येतो, पट्टा ताणणारी फिरकी म्हणून खालच्या बाजूला लाव.

इंजिनची बैठक. इथं बरेच जण फ्रेमला पट्ट्या वेल्डिंग करून टाकतात. तुझी फ्रेम लगची आहे, म्हणजे सांधे पितळेनं भरलेले. त्या पितळेजवळ आर्क किंवा सीओटू वेल्डिंग मारलं की पितळ वितळून पोलादाच्या आत शिरतं आणि तिथनंच पुढं चीर जाते. वरनं काही दिसत नाही. एखाद्या खड्ड्यात नळी सुटली की मग कळतं. फ्रेमला वेल्डिंगची ठिणगीसुद्धा लावायची नाही. क्लॅम्प करायचे.

क्लॅम्प असा करतात. २० मिलिमीटरच्या पट्टीचे दोन तुकडे, त्यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा, दोन बोल्टांनी आवळ आणि चार जबड्यांच्या चकात पकडून नळीच्या मापाचा बोअर काढ. सीटची आणि खालची नळी बहुतेक सव्वा इंचाच्या आत, २८.६ मिलिमीटर निघेल. तरी व्हर्नियर लावून रंग खरवडलेल्या जागी मोज, कारण जुन्या सायकलींत रंगाचे थर असतात. बोअर झाला की मधला पत्रा काढून टाकायचा. आता दोन्ही अर्धी नळीला चोहोबाजूंनी चावतात, बोल्ट आवळले तरी नळी चपटत नाही. धारेवरनं कानस मारायला विसरू नको. या क्लॅम्पांवर ५ मिलिमीटरची प्लेट, प्लेटवर इंजिन आणि मधला शाफ्ट दोन्ही. एकाच प्लेटवर, हे महत्त्वाचं. इंजिन एका नळीला आणि शाफ्ट दुसऱ्या नळीला धरला, तर फ्रेम लवली की दातेरी पट्टा दात टाकतो.

रॉड ब्रेकबद्दल विचारलंस ते बरं केलंस. पावसात क्रोमच्या रिमवर रॉड ब्रेकचं रबर फक्त आवाज करतं. पुढच्या चाकाला ड्रमचा हब घाल, स्टर्मी-आर्चरचे ७० आणि ९० मिलिमीटरचे येतात, ९० चा बघ. ड्रमची प्लेट ब्रेक दाबल्यावर फिरायला बघते, म्हणून तिचा दांडा चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) पायाला क्लॅम्पनं धरावा लागतो. आणि चिमटा साधा ठेवू नको. दूधवाल्यांच्या सायकलींना एक्सलपासून हँडलच्या मुळापर्यंत आधाराच्या दोन सळ्या असतात बघ? त्या घाल. कॅनभर दुधाचं वजन सोसतात आणि दिसायलाही थेट १९१० च्या.

मिलवॉकीकर
इथं अमेरिकेत, मिलवॉकीतल्या हार्ले-डेव्हिडसनच्या म्युझियममध्ये त्यांची ‘सिरियल नंबर वन’ ही सगळ्यात जुनी गाडी ठेवली आहे. तिच्यासमोर उभं राहिलं की उद्यमनगरीच्या काकांचं म्हणणं पटतं. दांडगी सायकल, पोटात इंजिन, मागच्या चाकाला चामड्याचा पट्टा आणि पायडल जसेच्या तसे. इंजिन कुठं ठेवायचं हे ठरायलाच त्या लोकांना काही वर्षं लागली. कुणी पुढच्या चाकावर ठेवलं, कुणी मागे. १९०१ च्या सुमारास पॅरिसच्या वेर्नर बंधूंनी ते खाली, पायडलच्या जागी आणलं आणि गाडी वळणावर घसरायची कमी झाली. त्याच साली अमेरिकेत कनेक्टिकटच्या मिडलटाउनमध्ये ऑस्कर हेडस्ट्रॉमनं पहिली ‘इंडियन’ मोटरसायकल बनवली. तिच्यात इंजिन सीटच्या नळीचाच भाग होतं, टाकी मागच्या मडगार्डवर उंटाच्या मदारीसारखी आणि ओढायला पट्टा नाही, चेन. तेव्हा कुणी ‘खऱ्या जुन्या गाडीला पट्टाच हवा’ म्हणालं, तर ऐकू नका.

फळ्यांच्या ट्रॅकबद्दल एक सावधगिरी. त्या गाड्यांना ब्रेक नसायचे, आणि तेल इंजिनातून जे बाहेर पडे ते सरळ फळ्यांवर. १९१२ मध्ये न्यूअर्कच्या ट्रॅकवर एडी हाशा हा स्वार गेला, आणि त्याच्याबरोबर काही प्रेक्षकही. इथले हौशी लोक त्या धाटणीच्या गाड्या करतात, त्यांतले काही ‘अस्सल’ दिसावी म्हणून पुढचा ब्रेक काढून टाकतात. तेवढी नक्कल करू नका.

मिरजेचा_सायकल्या
काका, काय बोलू! प्रिंट काढून भिंतीला लावलंय. हँडल आणि टाकी राहिली. टाकी पत्र्याची करू की तांब्याची? आणि हँडल वाकवताना पाइप मध्येच चपटा होतो असं ऐकलंय.

कसबा_पेठी, पुणे
तांब्याची टाकी हवी असेल तर आमच्या तांबट आळीत या. हंडे, घागरी, बंब यांचं मठारकाम करणारे हात अजून आहेत. मात्र ‘अशी काहीतरी लांबट’ असं सांगू नका. पुठ्ठ्याचं मॉडेल पूर्ण मापाचं करून आणा, त्यात नळाचं भोक, झाकणाचं भोक, बार कुठं येतो ते पेन्सिलीनं दाखवा. आणि घाई असेल तर लग्नसराईत येऊ नका.

उद्यमनगरी, कोल्हापूर
पेठकरांनी पत्ता बरोबर दिला. मठारलेल्या तांब्यावर सकाळचं ऊन पडलं की ड्युको रंग कशाला हवा? पण दोन गोष्टी ध्यानात ठेव. पेट्रोल उघड्या तांब्याला लागून फार दिवस राहिलं की त्यात लवकर चिकटा धरतो, तांबं ती क्रिया वाढवतं. म्हणून आतून कल्हई हवी, आणि ती दोन अर्धी जोडायच्या आधी करून घ्यायची, नंतर हात आत जात नाही. दुसरं, सांधा नुसता डाग (सोल्डर) देऊन ठेवू नको. ६ मिलिमीटर एकावर एक चढवून तांब्याचे रिव्हेट, मग डाग. इंजिनच्या थरथरीनं नुसता डाग नळाच्या तोंडाशी पहिल्यांदा सुटतो. नळासाठी पितळेचा कॉलरवाला बुश लेथवर काढ आणि आतल्या बाजूनं बसव.

माप: दोन नळ्यांमध्ये उंची सहा सेंटिमीटर मिळाली, रुंदी आठ आणि लांबी पंचेचाळीस धरली तर दोन लिटर भरतात. एवढ्याशा इंजिनाला भरपूर झाले. नळ्यांना टाकी थेट टेकवायची नाही, खाली रबर. झाकणाला बारीक छिद्र ठेव, नाहीतर पेट्रोल अडतं आणि तू कार्बोरेटर खोलत बसशील. अजून एक, या इंजिनचा कार्बोरेटर पडद्याचा असतो, त्याला दोन नळ्या लागतात, एक जाणारी आणि एक परतीची. टाकीला म्हणून दोन तोंडं. पुठ्ठ्याच्या मॉडेलवर ती आत्ताच दाखव. गळती बघायची ती पाण्यात बुडवून, हलकी हवा भरून. एकदा पेट्रोल पडलेल्या टाकीला पुन्हा कधीही ज्योत लावायची नाही, धुतली असली तरी.

हँडल. पाइपमध्ये वाळू ठासून भरायची, म्हणजे चपटा होत नाही. वाळू आधी कढईत भाजून घे, ओलसर राहिली तर तापवल्यावर वाफ धरते आणि टोकाचं लाकडी बूच बंदुकीगत सुटतं. भरताना पाइपला बाहेरनं हातोडीनं टकटक कर, वाळू बसत जाते, वरनं भरत जा. आवाज पोकळ यायचा थांबला की बूच मार. मग गॅसनं लाल कर आणि लाकडी फॉर्मावर हळूहळू ओढ. एका दमात नको. शिवण असलेला पाइप घेतलास तर शिवण वाकाच्या कुशीला ठेव, आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला नको. आणि हँडल इतकं खाली नेऊ नको की मान वर करून मिरज-सांगली रस्त्यावरचे खड्डे दिसेनात!

बॅटरीबाज, नाशिक
मध्येच बोलतो, रागावू नका. २५० वॅटच्या आतली मोटर मागच्या हबमध्ये, वेग ताशी २५ च्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, ब्रेक आणि रिफ्लेक्टर लावलेले. हेही मोटार वाहनात धरत नाहीत. बॅटरी त्याच तांब्याच्या टाकीत लपते. ना क्लच, ना शाफ्ट, ना पेट्रोलचा वास. जुन्या धाटणीचं सगळं दिसणं तसंच राहतं.

उद्यमनगरी, कोल्हापूर
रागावतोय कशाला? गावातल्या गावात वापरायची असेल तर तुझंच बरोबर. मंजूर प्रकारची मोटर आणि बॅटरी घे एवढंच, घरी सेल जोडत बसू नको. पण पोरानं विचारलंय इंजिनचं. पट्टा सुरू झाल्यावर जी चटचट ऐकू येते, ती मोटरला कुठली?

काळा_कोट, सोलापूर
काका, तुमच्या २५.०१ चं: कोर्टात आधी निर्मात्याचं प्रमाणपत्र बघतात, व्हर्नियर नंतर. झेरॉक्स राहू द्या. पण बोअर मोठा करून घ्यायचा मोह कुणाला झाला, तर ती झेरॉक्स काही कामाची नाही. आणि मोटार वाहन नाही म्हणजे जबाबदारी नाही असं नव्हे. मागे लाल रिफ्लेक्टर, घंटी आणि डोक्यावर हेल्मेट.

मिरजेचा_सायकल्या
ठरलं, २५ सीसी आणि तांबं. टाकीचं पुठ्ठ्याचं मॉडेल आजच सुरू करतो. काका, रिमची पट्टी रोलिंगला टाकू का?

उद्यमनगरी, कोल्हापूर
थांब, पट्टी टाकायच्या आधी एक माप घे. २८ इंची सायकलीत डावा चेनस्टे (मागच्या एक्सलपासून पायडलपर्यंतची नळी) पायडलकडं जाताना आत सरकत येतो, आणि ४१० ची रिम नेमकी तिथं घासायची शक्यता असते. चाक बसवून एक्सलपासून साडेवीस सेंटिमीटरवर चेनस्टे आणि डावे आरे यांच्यामधलं अंतर बघ. त्याच मापाची पुठ्ठ्याची चकती कापून आऱ्यांना दोऱ्यानं बांध, चाक फिरव, म्हणजे डोळ्यांनी दिसेल. २८ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर खुशाल टाक. कमी भरलं तर रिम ३६० ची करू, एक्सलच्या जवळ जागा जास्त असते, आणि पहिल्या टप्प्याला १५-६५ च्या जागी १४ ला ७० दात घेऊ, हिशेब ३६ ला जाऊन बसतो. स्टँडची डावी पट्टीही मध्ये येते का तेवढं बघ. माप इथं टाक, मग पुलीचं ड्रॉइंग देतो.